ग्रीनवुड, जॉनी

(५ नोव्हेंबर १९७१ – ). ब्रिटिश रॉक गिटारवादक, वाद्यवृंदरचनाकार व चित्रपटसंगीतकार. पूर्ण नाव जोनाथन रिचर्ड गाय ग्रीनवुड. जन्म ऑक्सफर्ड येथे. ‘रेडिओहेड’ या रॉक वाद्यमेळाचा प्रमुख गिटारवादक म्हणून तो विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जगभर प्रसिद्धीस आला आणि २००३ पासून चित्रपटांच्या पार्श्वसंगीताकडे वळला. लोकप्रिय संगीतातील वादकाने चित्रपटास संगीत देणे यात नवल असे काही नाही. तथापि बहुतेकांनी आपले वाद्य व आपली शैली सोबत नेली, तर ग्रीनवुडने चित्रपटाच्या दारातच गिटार बाजूला ठेवली. त्याचे पार्श्वसंगीत मुख्यत्वे तंतुवाद्यांच्या वृंदासाठी, रीतसर स्वरलेखन करून लिहिलेले असते आणि त्याची मुळे रॉकपेक्षा विसाव्या शतकातील यूरोपीय अभिजात संगीतात अधिक सापडतात.

ग्रीनवुडचे शिक्षण ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन स्कूलमध्ये झाले. शालेय वयात तो व्हायोला शिकला व युवक वाद्यवृंदातून वाजवू लागला. अनेक वादक एकाच दालनात बसून एक आवाज निर्माण करतात, हा अनुभव त्याच्या मनावर कायमचा ठसला; पुढे यंत्रनिर्मित वाद्यध्वनींपेक्षा प्रत्यक्ष वादकांचा त्याने सतत आग्रह धरला, त्याचे बीज येथे आहे. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याने फ्रेंच संगीतकार ऑलिव्ह्ये मेस्यां (१९०८–९२) याची तुरंगलीला ही सिंफनी ऐकली. मराठी वाचकास या शीर्षकाचा संस्कृत घाट लगेच जाणवेल. मेस्यांने ते शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकर ग्रंथातील देशी तालांच्या यादीतून घेतले होते आणि शार्ङ्गदेव हा तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी होता. देवगिरीत नोंदलेल्या एका तालाचे नाव पॅरिसमार्गे ऑक्सफर्डच्या एका शाळकरी मुलाच्या कानी पडावे, हा संगीताच्या इतिहासातील मोठा गमतीचा प्रवास होय.

त्याच शाळेत १९८५ च्या सुमारास काही विद्यार्थ्यांनी ‘ऑन अ फ्रायडे’ नावाचा वाद्यमेळ काढला. थॉम यॉर्क हा त्याचा गायक, तर जॉनीचा वडील भाऊ कॉलिन हा बासगिटारवादक होता. सर्वांत धाकट्या जॉनीस प्रथम केवळ माउथऑर्गन व नंतर कळफलकाचे वाद्य वाजविण्यापुरता प्रवेश मिळाला. त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे, की आपले वादन कच्चे आहे हे कळू नये म्हणून कित्येक दिवस तो वाद्याचा आवाज बंद ठेवूनच तालमीत बोटे फिरवीत असे आणि सहकारी मात्र त्याच्या वादनाने काहीतरी वेगळे घडत असल्याची दाद देत. खरे स्वर तो घरी गुपचूप शिकला. त्याने मानसशास्त्र व संगीत या विषयांचे उच्च शिक्षण सुरू केले होते. परंतु १९९१ मध्ये ईएमआय या ध्वनिमुद्रिका कंपनीशी वाद्यमेळाचा करार झाल्यामुळे ते अल्पावधीतच सोडले. वाद्यमेळाने नवे नाव घेतले, ते रेडिओहेड.

‘क्रीप’ (१९९२) या पहिल्याच गाजलेल्या गीतात ध्रुपदापूर्वी गिटारचे जे कर्कश, तुटक आघात ऐकू येतात, ते ग्रीनवुडचे. गीत फारच संथ आहे असे वाटून त्याने ते बिघडविण्यासाठी हे आघात घातले, असे त्याच्या सहकाऱ्याने सांगितले आहे. गीताची ओळख मात्र तेच आघात ठरले. द बेंड्स (१९९५) व ओके कंप्यूटर (१९९७) या ध्वनिमुद्रिकांतून त्याची गिटारवादक म्हणून कीर्ती स्थिर झाली. वेगवान तानांचे प्रदर्शन तो क्वचितच करतो. गिटार हे त्याच्या दृष्टीने ध्वनी उत्पन्न करण्याचे एक साधन असून तिच्या आवाजाला विद्युत् उपकरणांनी वाकविणे, तोडणे, खरखरीत करणे यांवर त्याचा भर असतो. ओके कंप्यूटरमधील ‘क्लाइंबिंग अप द वॉल्स’ या गीतासाठी त्याने १६ तंतुवाद्यांचा भाग असा लिहिला, की ती परस्परांपासून पाव स्वराच्या अंतराने वाजतात. ही युक्ती पोलिश संगीतकार क्षिश्टॉफ पेंडेरेत्स्की (१९३३–२०२०) याच्याकडून आलेली होती. पुढील सर्व वाटचालीची चाहूल या एका गीतात लागते.

किड ए (२०००) या ध्वनिमुद्रिकेत रेडिओहेडने गिटारप्रधान रॉकची चौकट जवळजवळ मोडून टाकली. तीत ग्रीनवुडने ‘आँद मार्तनो’ या वाद्याचा उपयोग केला. मॉरिस मार्तनो या फ्रेंच वादकाने हे इलेक्ट्रॉनीय वाद्य १९२८ मध्ये पॅरिसमध्ये प्रथम सादर केले. बोटात अडकविलेली अंगठी पट्टीलगत सरकवून त्यावर स्वरांची अखंड मींड काढता येते आणि डाव्या हाताच्या कळीने आवाज कमीजास्त करता येतो. तुरंगलीलेतही हेच वाद्य आहे. किड एमधील ‘हाउ टू डिसपिअर कंप्लीटली’ या गीताचे तंतुवाद्यलेखन ग्रीनवुडने केले व त्याचे ध्वनिमुद्रण डॉर्चेस्टरच्या जुन्या मठमंदिरात झाले.

रॉक गिटारवादकांचा चित्रपटांशी संबंध यापूर्वीच जुळला होता. जिमी पेजने डेथ विश २ (१९८२) चे, मार्क नॉफ्लरने लोकल हीरो (१९८३) चे आणि राय कूडरने पॅरिस, टेक्सस (१९८४) चे संगीत केले. यांतील कूडरचे काम विशेष मोलाचे असून त्याच्या सरकत्या स्वरांच्या गिटारीने वाळवंटाचे एकाकीपण जसे उभे केले, तसे क्वचितच कोणी केले असेल. मात्र या तिघांच्याही संगीतात वादकाचा हात चटकन ओळखू येतो. ग्रीनवुडचा पहिला चित्रपट म्हणजे सायमन पमेलचा बॉडीसाँग (२००३) हा अनुबोधपट. मानवी आयुष्याच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या चित्रफिती एकत्र गुंफणाऱ्या या निवेदनरहित चित्रपटात संगीतावरच सारा भार होता. त्याच्या पाठोपाठ २००४ मध्ये बीबीसी कॉन्सर्ट ऑर्केस्ट्राने त्यास निवासी संगीतकार म्हणून नेमले. त्या नेमणुकीतून पॉपकॉर्न सुपरहेट रिसीव्हर (२००५) ही तंतुवाद्यवृंदासाठीची रचना निर्माण झाली. दोन रेडिओ केंद्रांच्या मध्ये काटा अडकला असता ऐकू येणारी खरखर व तीतून अधूनमधून उमटणारे स्वरांचे भास ही या रचनेची कल्पना. तिच्यामागे पेंडेरेत्स्कीच्या हिरोशिमाच्या बळींसाठी लिहिलेल्या ५२ तंतुवाद्यांच्या शोकरचनेचा (१९६०) आदर्श होता. २००६ च्या ब्रिटिश कंपोझर पुरस्कारांत श्रोत्यांनी दिलेला पुरस्कार या रचनेस लाभला.

पॉल टॉमस अँडरसन या अमेरिकन दिग्दर्शकाने ही रचना ऐकली आणि देअर विल बी ब्लड (२००७) साठी ग्रीनवुडला पाचारण केले. तेलाच्या शोधात माणुसकी गमावत जाणाऱ्या एका उद्योजकाची ही कथा आहे. आरंभीची काही मिनिटे पडद्यावर संवाद जवळजवळ नाहीत. उजाड टेकड्या दिसतात आणि तंतुवाद्यांचा एक दाट समूह हळूहळू वर सरकत एका स्वरावर येऊन थांबतो. भूप्रदेश सुंदर, पण संगीत सांगते की येथे काही अमंगळ दडलेले आहे. प्रसंगातील भावना गिरवून दाखविण्याचा हॉलिवुडचा जुना परिपाठ येथे सोडलेला दिसतो. २००८ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात या संगीतास रौप्य अस्वल पारितोषिक मिळाले. ऑस्करच्या संगीतविभागात मात्र ते विचारार्थच घेतले गेले नाही. चित्रपटात पॉपकॉर्न सुपरहेट रिसीव्हरमधील भाग होते. तेलविहिरीला आग लागण्याच्या प्रसंगाचे तालवाद्यांचे संगीत बॉडीसाँगमधील होते. शिवाय ब्राम्स व आर्व्हो पेर्ट यांच्या रचनाही योजलेल्या होत्या. पूर्वी प्रसिद्ध झालेल्या संगीतामुळे मूळ संगीत पातळ झाले असल्यास ते अपात्र ठरते, असा अकादमीचा नियम होता.

नियमाच्या शब्दाप्रमाणे हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. परंतु त्यातून एक मूलभूत प्रश्न उभा राहिला. संगीतकाराने सभागृहासाठी लिहिलेली स्वतःचीच रचना चित्रपटात आणली, तर ते उसने संगीत कसे? प्रॉकॉफ्येव्हने चित्रपटाचे संगीत सभागृहात नेले तेव्हा त्याचा गौरवच झाला; ग्रीनवुडने सभागृहातील संगीत चित्रपटात आणले. प्रवाहाची दिशा तेवढी उलट होती. पार्श्वसंगीत हे चित्रपटाच्या मापाने बेतलेले कापड आहे, अशी नियम करणाऱ्यांची समजूत होती. ग्रीनवुड व अँडरसन यांच्या कामाची रीत निराळी होती. प्राथमिक संकलन पाहून ग्रीनवुडने गरजेपेक्षा कितीतरी अधिक संगीत लिहून दिले व कोणता तुकडा कोठे बसवावा हे दिग्दर्शकाने ठरविले. हीच रीत दोघांनी पुढेही चालविली. ऑस्करचे नामांकन त्यास दहा वर्षांनी, २०१८ मध्ये फँटम थ्रेड (२०१७) साठी मिळाले.

दरम्यान पेंडेरेत्स्कीशी त्याचे नाते प्रत्यक्ष सहयोगापर्यंत गेले. सप्टेंबर २०११ मध्ये पोलंडमधील व्रॉत्सवाफ येथे दोघांच्या रचना एकाच मैफलीत सादर झाल्या. पेंडेरेत्स्कीची पॉलिमॉर्फिया (१९६१) ही ४८ तंतुवाद्यांची रचना कर्णकटू ध्वनींच्या राशीतून जाऊन अखेरीस अकस्मात ‘सी मेजर’ या अगदी साध्या स्वरसमूहावर थांबते. ग्रीनवुडने आपल्या उत्तररचनेचा आरंभ त्याच स्वरसमूहापासून केला. शिष्याने गुरूचा शेवटचा स्वर उचलून गायला बसावे, तसा हा प्रकार आहे. तरुण श्रोत्यांचा मोठा वर्ग ग्रीनवुडच्या नावामुळे पेंडेरेत्स्कीकडे वळला, हेही या घटनेचे एक फलित होय.

त्याच्या नंतरच्या चित्रपटांत नॉर्वेजियन वुड (२०१०), वी नीड टू टॉक अबाउट केव्हिन (२०११), द मास्टर (२०१२) व इन्हेरंट व्हाइस (२०१४) यांचा समावेश होतो. फँटम थ्रेडमध्ये १९५० च्या दशकातील लंडनचा एक उच्चभ्रू वेशभूषाकार नायक असल्याने त्याने पियानो व विपुल तंतुवाद्ये यांचे मृदू, पण आतून अस्वस्थ संगीत योजले. पेंडेरेत्स्कीच्या छायेतून तो बाहेर पडल्याचे हे ठळक उदाहरण. २०२१ मध्ये त्याची दोन महत्त्वाची कामे पुढे आली. डायना या राजवधूवरील स्पेन्सरमध्ये बरोक धाटणीच्या दरबारी संगीतात जॅझवादकांचा मुक्त आविष्कार हळूहळू शिरतो आणि राजवाड्याची शिस्त कानांदेखत विस्कटते. जेन कँपियनच्या द पॉवर ऑफ द डॉगमध्ये नायक बँजो वाजवितो. ग्रीनवुडने बँजोची बोटे चेलोवर चालविली. महासाथीच्या निर्बंधांमुळे वादक जमविणे अवघड झाल्याने चेलोचे बरेचसे वादन त्याने स्वतःच केले. गजाऐवजी बोटांनी छेडलेल्या त्या चेलोत पाश्चिमात्य गुराख्यांच्या चित्रपटांतील परिचित वाद्याची सावली तेवढी उरते आणि ती भीतिदायक वाटते. या संगीतास २०२२ मध्ये ऑस्करचे नामांकन मिळाले.

गिटार व वृंद या दोन बाजू एकमेकींपासून अगदी तुटलेल्या आहेत, असे मात्र नाही. अ मून शेप्ड पूल (२०१६) या रेडिओहेडच्या ध्वनिमुद्रिकेतील ‘बर्न द विच’ या गीतात लंडन कंटेंपररी ऑर्केस्ट्राच्या वादकांनी आपली तंतुवाद्ये गजाने न वाजविता गिटारच्या नखीने छेडली आहेत.

भारतीय संगीताशी ग्रीनवुडचा संबंध दोन कामांतून आला. वॉटर (२०१४) या ऑस्ट्रेलियन चेंबर ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या रचनेत त्याने तंबोऱ्यास स्थान दिले. २०१५ मध्ये इझ्राएली संगीतकार शाय बेन त्झूर व ‘राजस्थान एक्सप्रेस’ हा कव्वाल, मांगणियार गायकवादक व ब्रासबँडवाले यांचा समूह यांच्यासह त्याने जोधपूरच्या मेहरानगढ किल्ल्यात जुनून ही ध्वनिमुद्रिका केली. अँडरसनने तिच्यावर त्याच नावाचा अनुबोधपट काढला; त्यात दालनात शिरलेली कबुतरे व खंडित होणारा वीजपुरवठाही दिसतो. पाश्चात्त्य वादक भारतीय सुरावटीखाली स्वरसमूहांची बैठक घालू लागले की रागाचा घाट बिघडतो, ही जुनी तक्रार येथे फारशी उद्भवत नाही. ग्रीनवुड बव्हंशी मागे राहून बासगिटार, गिटार, आँद मार्तनो व तालयंत्र यांची साथ करतो. स्वतःचे नाव मोठे असताना साथीदाराची जागा पत्करणे हे त्याच्या स्वभावाशी सुसंगत आहे. जुनूनला या देशात मात्र तिच्या योग्यतेच्या मानाने श्रोते कमी मिळाले.

२०१९ मध्ये लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात त्याची एकल व्हायोलिन व ६८ तंतुवाद्ये यांसाठीची हॉरर व्हॅकुई ही रचना सादर झाली. २०२१ मध्ये थॉम यॉर्क व तालवादक टॉम स्किनर यांच्यासह त्याने ‘द स्माइल’ हा नवा वाद्यमेळ लोकांसमोर आणला. त्याच्या अ लाइट फॉर अट्रॅक्टिंग अटेन्शन (२०२२), वॉल ऑफ आइज व कटआउट्स (दोन्ही २०२४) या ध्वनिमुद्रिका निघाल्या. अँडरसनच्या वन बॅटल आफ्टर अनदर (२०२५) चे पार्श्वसंगीत ग्रीनवुडचे असून त्याच वर्षी अनेक वर्षांच्या खंडानंतर रेडिओहेडने यूरोपात पुन्हा मैफली केल्या व तो गिटार घेऊन रंगमंचावर परतला.