पलटणीची बराक : आपल्या समाजाची पहिली शाळा

वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत पलटणीविषयी काही लिहा, असे कार्यकारिणीच्या बंधूंनी आम्हांस सुचविले. १ जानेवारी आला की भीमा कोरेगावचा स्तंभ सर्वांना आठवतो. १८१८ च्या त्या लढाईवर भाषणे होतात, ती झालीच पाहिजेत. पण लढाई एका दिवसाची असते. शिपायाचे बाकीचे आयुष्य जाते बराकीत. त्या बराकीने आपल्याला काय दिले, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत आपले लोक मोठ्या संख्येने होते. गावात ज्याला चावडीच्या पायरीला शिवू देत नव्हते, तो तिथे हवालदार होत होता, सुभेदार होत होता. पलटणीत शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी शाळा होत्या. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ चौदा वर्षे लष्करी शाळेत हेडमास्तर होते. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, तोही महूच्या छावणीतला. यावरून काय ते समजा.

आणि नेमके १८९२ च्या सुमारास सरकारने आपली भरती बंद केली. 'लढाऊ जाती' नावाचे एक खूळ इंग्रज सेनापतींच्या डोक्यात शिरले होते. नोकरी गेली, पेन्शन गेली, त्याबरोबर शाळाही गेली. स्वतः पेन्शनर असलेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. पुढे बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली.

आपल्या मनमाडकरांनी एक गोष्ट विसरू नये. फेब्रुवारी १९३८ मध्ये याच गावी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. बाबासाहेबांनी तिथे सांगितले की रेल्वेत आपला माणूस जन्मभर गँगमनच राहतो आणि गिरणीत त्याला विणाई खात्यात घेत नाहीत. आम्ही गिरणी कामगार, त्यामुळे हे बोलणे आम्हांला चांगलेच कळते. धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून साच्यावर आपला माणूस नको! पलटणीत मात्र, भरती खुली असे तेव्हा, शिपायाला सुभेदारापर्यंतची वाट मोकळी होती.

रेजिमेंटचे सेंटर पुढे मध्य प्रदेशात सागरला स्थिरावले. मनमाडहून भुसावळ, इटारसी, बीना आणि मग सागर, असा रंगरुटाचा प्रवास. आम्ही स्वतः सैन्यात गेलो नाही, पण वस्तीतल्या पेन्शनर मंडळींकडून पुष्कळ ऐकले. पहाटे अंधारात बिगुल वाजला की बिस्तरा घडी करून फॉलिन व्हायचे. मग पीटी, मग परेड, मग रायफलची साफसफाई. किट नीट मांडले नाही तर उस्ताद रगडा द्यायचा. पहिल्या महिन्यात पोरे रात्री पांघरुणात रडायची. पण लंगरमध्ये थाळी-मग घेऊन सगळे एकाच रांगेत. नळ एक, बराक एक. तुझी जात काय, हे उस्ताद विचारत नव्हता. तो नंबर विचारायचा.

१९४६ मध्ये ही मशीनगन रेजिमेंट झाली. विकर्स गन एकट्याचे काम नव्हे. एकाने गन उचलायची, दुसऱ्याने तिची जड तिवई, कोणी पाण्याचा डबा, कोणी गोळ्यांचे पट्टे. गन पाण्यावर थंड राहायची. एक जण मागे पडला तर सगळी गन मुकी! अशी शिस्त पुस्तकातून येत नाही. आज या रेजिमेंटमध्ये देशभरातील सर्व जातीधर्मांचे जवान आहेत. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत शहीद झालेले परमवीर चक्राचे मानकरी मेजर रामास्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटचे.

बराकीत सगळे गोडच होते असे आम्ही म्हणत नाही. शिवीगाळ होती, घरची आठवण होती, युद्धात मरण होते. परंतु सुट्टीवर आलेला जवान घरी पोस्टकार्ड वाचून दाखवायचा आणि पोरांना शाळेत घालायचा. पेन्शनीवर पोरे शिकली. आज मैदानावर पहाटे धावणाऱ्या आपल्या पोरांपुढे २०२२ पासूनची चार वर्षांची अग्निपथ भरती आहे. चौघांतला फार तर एकच पुढे कायम होतो, बाकीच्यांना पेन्शन नाही. तेव्हा पोरांनो, धावा जरूर, पण पुस्तक सोडू नका. बराकीतून आपल्या वाडवडिलांनी आणलेली खरी कमाई तीच आहे.

शेवटी एक विनंती. घराघरांत जुन्या पत्र्याच्या पेट्या आहेत. त्यांत डिस्चार्ज बुक असेल, पदक असेल, बराकीतला एखादा फोटो असेल. वाळवीच्या तोंडी देऊ नका. विहारात आणा, नाव-गाव लिहून ठेवू. ज्यांनी हे दिवस काढले ती माणसे एकेक करून जात आहेत. त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून घ्या. आपला इतिहास दुसरा कोणी लिहायला येणार नाही.

जय भीम!