विकलेली, पण न दिलेली जमीन : एका व्यवहारपदाचा इतिहास

नारदस्मृतीत व्यवहाराची, म्हणजे न्यायनिवाड्याची, जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत ‘विक्रीयासंप्रदान’ नावाचे एक पद आहे. विक्रीय म्हणजे विकून, आणि असंप्रदान म्हणजे हवाली न करणे. मूल्य घेतल्यावरही विकलेली वस्तू न देणाऱ्या विक्रेत्याविरुद्धचा वाद हा या पदाचा विषय होय. मनूने हे प्रकरण स्वतंत्र ठेवलेले नाही. त्याच्या यादीत ‘क्रयविक्रयानुशय’ असे एकच पद आहे, आणि अनुशय म्हणजे पश्चात्ताप. नारदाने मात्र विकत घेणाऱ्याचे मन पालटणे आणि विकणाऱ्याने वस्तू अडकवून ठेवणे या दोन गोष्टी निरनिराळ्या मानल्या व पहिलीला ‘क्रीतानुशय’ हे वेगळे नाव दिले. पहिल्यात मनाचा प्रश्न आहे, दुसऱ्यात अपराधाचा.

शहरांच्या हद्दीबाहेर रेखांकन करून विकलेले भूखंड, त्यांसाठी वर्षानुवर्षे भरलेले हप्ते, आणि हाती न आलेली जमीन, यांविषयीच्या तक्रारी आज ग्राहक आयोगांपुढे मोठ्या संख्येने येतात. या वादाचा इतिहास सांगताना आरंभ बहुधा १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यापासून करतात. प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाशास्त्राचे असल्यामुळे त्याला या इतिहासात एक निराळीच गोष्ट दिसते. या अन्यायाला पूर्वी स्वतःचे नाव होते. आधुनिक कायद्यात ते नाव नाही, आणि म्हणून तो अन्याय दुसऱ्याच एका शब्दाच्या आडोशाने न्यायासनापुढे उभा करावा लागला. तो शब्द ‘सेवा’ हा होय. या आडवळणाची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे.

नारदाचे नियम संख्येने थोडे, पण बारकाईचे आहेत. आरंभीच तो सांगतो की द्रव्य जंगम व स्थावर असे दोन प्रकारचे असले तरी खरेदी-विक्रीच्या धर्मात ते सर्व ‘पण्य’च होय. विकलेले पण्य दिले नाही, तर जंगमाच्या बाबतीत विक्रेत्याने त्यापासून होणारे फळ द्यावे, आणि स्थावराच्या बाबतीत ‘क्षय’ भरून द्यावा. क्षय या शब्दाचा अर्थ, मध्यंतरीच्या काळात खरेदीदाराचा जो उपभोग बुडाला त्याची भरपाई, असा घेणे मला सयुक्तिक वाटते. दरम्यान भाव उतरला तर पण्य आणि वर भावातील फरक, असे दोन्ही विक्रेत्याने द्यावयाचे. न दिलेली वस्तू जळाली, नासली वा चोरीस गेली तर नुकसान विक्रेत्याचेच. एकाला विकून तीच वस्तू दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्याने दुप्पट मूल्य द्यावे व राजदंडही सोसावा. मात्र हे सर्व मूल्य चुकते झाले असेल तरच. मूल्य दिले नसेल तर, तसा करार असल्याखेरीज, विक्रेत्याकडे दोष जात नाही. याज्ञवल्क्यानेही मूल्य घेऊन पण्य न देणाऱ्याकडून ते ‘सोदय’, म्हणजे वृद्धीसह, देववावे असे म्हटले आहे. एकच भूखंड दोघांना विकण्याचा प्रकार आपल्या काळाचा शोध आहे अशी समजूत असणाऱ्यांनी दुप्पट मूल्याचा तो नियम अवश्य पाहावा.

‘संप्रदान’ हा शब्द व्याकरणाच्या अभ्यासकांना कारक म्हणून परिचित आहे. पाणिनीच्या सूत्रावर लिहिणाऱ्या एका परंपरेने त्याचा अर्थ असा नेमका केला की, देणाऱ्याचे स्वत्व संपून घेणाऱ्याचे स्वत्व जेथे निर्माण होते तेच खरे संप्रदान. परिटाला कपडे देतो तेव्हा कपडे त्याचे होत नाहीत, म्हणून तेथे चतुर्थी नको, षष्ठी हवी, असे त्यांचे म्हणणे. (भाष्यकारांचे स्वतःचे प्रयोग या अटीत बसत नाहीत, पण तो वाद येथे नको.) नारदाने ‘अदान’ न म्हणता ‘असंप्रदान’ म्हटले, यावरून फार मोठे अनुमान काढता येणार नाही. तरीही पावती, नकाशा, वाटपपत्र असे पुष्कळ काही ‘देऊन’ जमीन मात्र न देणाऱ्या विक्रेत्याचे वर्णन करण्यास याहून नेमका शब्द मला ठाऊक नाही.

यावरून प्राचीन काळी जमिनीचा बाजार आजच्यासारखा मोकळा होता असा ग्रह कोणी करून घेऊ नये. कल्याणीच्या चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या काळी मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरापुढे स्थावराची विक्रीच नाही असे सांगणारे वचन होते, आणि विक्री करावयाचीच तर ती सुवर्ण व उदक देऊन दानाच्या रूपाने करावी, अशी वाट त्याने काढली. गाव, ज्ञाती, शेजारी व दायाद यांची संमतीही त्या वचनांत अपेक्षिलेली आहे. या संमतीचा हेतू, मिताक्षरेच्या मते, मालकी सिद्ध करणे हा नसून पुढचा तंटा, विशेषतः सीमेचा तंटा, टाळणे हा आहे. याच ग्रंथात आगम आणि भुक्ती, म्हणजे हक्काचे मूळ आणि प्रत्यक्ष उपभोग, यांच्या बलाबलाची चर्चा आहे. सामान्यतः आगम श्रेष्ठ. पण जेथे यत्किंचितही भुक्ती नाही तेथे आगमालाही बळ नाही, असा याज्ञवल्क्याचा निर्णय आहे. कागद आणि जमीन यांची फारकत होऊ द्यायची नाही, हा त्यामागील आग्रह स्पष्ट दिसतो.

मराठी कागदपत्रांत हा आग्रह शब्दांपेक्षा पद्धतीत उतरलेला आहे. मिरासपत्रात वा खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्या जात. वादाचा निवाडा गोतसभेत होई आणि महजरावर पाटलाच्या नांगरापासून बलुतेदारांच्या हत्यारांपर्यंत ज्याच्या त्याच्या निशाण्या उमटत. ज्यांचा बांध शेजारी आहे तेच साक्षीला असल्यावर ‘जमीन नेमकी कोणती’ हा प्रश्न सहसा शिल्लक राहत नसे. शब्दसंग्रह मात्र फारसी-अरबीचा झाला होता. ‘कबजा’ हा अरबी शब्द मुळात मुठीत धरण्याचा, तर ‘ताबा’ हा अनुसरणाऱ्याचा, आज्ञांकिताचा वाचक आहे. ‘ताबेदार’ या शब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. माणसाच्या अधीनतेचा शब्द जमिनीला लागला आणि ‘जमिनीचा ताबा’ ही आपली रोजची शब्दयोजना झाली. पुढे या दोन शब्दांची वाटणीही झाली. बोलण्यात ‘ताबा’ हक्काने मिळतो, ‘कब्जा’ बहुधा बळाने केला जातो. महसुली भाषेने दोन्ही बाजूस सारून ‘भोगवटादार’ पसंत केला, आणि त्यात भुक्तीचा धातू परत आला.

कागद व जमीन यांची फारकत कायद्याने मान्य झाली ती इंग्रजी अमदानीत. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा मुंबई इलाख्याला १८९३ पासून लागू झाला. त्याच्या ५४ व्या कलमानुसार शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री केवळ नोंदलेल्या दस्ताने होते; त्याखालच्या किमतीची विक्री मात्र नुसत्या ताबा देण्यानेही होऊ शकते. म्हणजे हवाली करण्याची जुनी रीत गरिबाच्या तुकड्यापुरती उरली, आणि मोठ्या व्यवहारात ताबा देणे हे विक्रीचे अंग न राहता ५५ व्या कलमातील विक्रेत्याचे एक कर्तव्य बनले. त्याच ५४ व्या कलमाने असेही स्पष्ट केले की, विक्रीच्या नुसत्या कराराने, म्हणजे आपल्या साठेखताने, मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. या तरतुदीला तिचे गुण आहेत. नोंदणीमुळे खोट्या साक्षींना आळा बसला, हे नाकारणे अन्यायाचे होईल. पण हप्त्याने भूखंड घेणाऱ्याच्या हाती पुढील शतकभर जे कागद आले ते बहुधा साठेखत, कधी त्याहूनही कमी, म्हणजे पावत्याच होत्या.

महाराष्ट्रात त्यात आणखी एक गुंता होता. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे पाडणारे हस्तांतरण शून्य ठरविले, आणि १९४८ च्या कुळकायद्याने बिगरशेतकऱ्यास शेतजमीन घेण्यास मनाई केली. शहरे मात्र वाढतच होती. तेव्हा शेताचे गुंठ्यागुंठ्याने भाग पाडून, बिनशेती परवानगी मागाहून येईल अशा भरवशावर, ते विकले गेले. कित्येक ठिकाणी सात-बारावर खरेदीदारांची नावे सामायिक म्हणून लागली. हिस्सा मिळाला, पण तो जमिनीवर कोठे आहे हे कोणालाच दाखविता येईना. ‘गुंठेवारी’ हा मोजणीतला साधा शब्द या व्यवहारामुळे बदनाम झाला, आणि २००१ साली अशा वस्त्या नियमित करण्याच्या कायद्याच्या नावातच जाऊन बसला. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याने, ठरल्या मुदतीत ताबा न देणाऱ्या बांधणाऱ्यास रक्कम दरसाल शेकडा ९ व्याजाने परत करावयास लावले खरे, पण नावाप्रमाणेच तो सदनिकांचा कायदा होता. मोकळा भूखंड घेणारा त्याच्या बाहेरच राहिला.

१९८६ च्या कायद्यातही त्याची जागा सहज सापडण्यासारखी नव्हती. त्यातील ‘माल’ या शब्दाचा अर्थ १९३० च्या मालविक्री कायद्यावरून घेतलेला, आणि त्या कायद्यात माल म्हणजे जंगम वस्तूच. नारदाच्या ‘पण्या’त जमीन होती, ‘माला’त ती नाही. गंमत अशी की मराठीत ‘मालमत्ता’ म्हटली की तीत जमीन प्रथम येते, आणि तिच्यातला ‘माल’ एकटा उभा राहिला की जमीन गळून पडते. राहता राहिला ‘सेवा’ हा शब्द. जून १९९३ मध्ये गृहबांधणीचा समावेश सेवेच्या व्याख्येत करण्यात आला, आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने लखनऊ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात मूलभूत निर्णय दिला. हा वाद स्थावर मिळकतीचा आहे, ग्राहकाचा नव्हे, असे प्राधिकरणांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते अमान्य केले. जमिनीचा विकास करून ती देण्याचे जो पत्करतो तो सेवा देतो. ठरल्या वेळी ताबा न देणे हे त्या सेवेतील न्यून आहे. आणि अधिकाऱ्यांच्या मनमानीमुळे द्यावी लागणारी भरपाई अखेर त्या अधिकाऱ्यांकडून वसूल व्हावी, अशी ती भूमिका होती.

२००४ साली गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या प्रकरणांत याच न्यायालयाने सरसकट १८ टक्के व्याज देण्याची रीत मोडली. जेथे ताबा मिळतो तेथे वाढलेल्या किमतीचा लाभ खरेदीदारास आपोआप मिळतो, म्हणून भरपाई कमी. जेथे नुसते पैसे परत मिळतात तेथे तो त्या वाढीस मुकतो, म्हणून अधिक, असे त्यामागील तत्त्व होते. नारदाचा उल्लेख तेथे नाही, असण्याचे कारणही नाही. पण भावाच्या चढउताराचा भार न देणाऱ्यावर टाकणारी ही विचारसरणी त्याला अपरिचित वाटली नसती.

तथापि ‘सेवा’ या शब्दाची मर्यादा लपून राहणारी नव्हती. २०१२ साली आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात, रस्ते, गटारे, पाणी यांची हमी देऊन विकलेले भूखंड सेवेत मोडतात असे ठरले. लगेच पुढील वर्षी, सप्टेंबर २०१३ मध्ये, दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने उलट टोक दाखविले : केवळ जमिनीचा तुकडा विकला असेल आणि विकासाचे कोणतेही वचन नसेल, तर ताबा न देणे हे ग्राहक मंचाच्या अधिकारात येत नाही. दोन्ही निर्णय कायद्याच्या शब्दांशी सुसंगत आहेत, आणि त्यामुळेच ते एकत्र वाचताना मन अस्वस्थ होते. दोन खरेदीदारांनी सारखीच रक्कम भरली, दोघांनाही जमीन मिळाली नाही. एकाच्या माहितीपत्रकात गटाराचे वचन होते, दुसऱ्याच्या नव्हते. गटाराच्या आधाराने पहिला ग्राहक ठरला. जमीन न मिळणे हीच मुख्य हानी असता निर्णय मात्र गटारावर अवलंबून राहावा, याचे कारण माझ्या मते न्यायाधीशांच्या दृष्टीत नसून उपलब्ध शब्दांत आहे.

‘भूखंड’ हा शब्द या प्रश्नात उघडपणे आला तो २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात. जमिनीचे भूखंड पाडणे हाही त्यात प्रकल्पच आहे, आणि १८ व्या कलमात सदनिका व इमारत यांच्या जोडीने भूखंडाचाही ताबा न दिल्यास रक्कम व्याजासह परत करण्याची जबाबदारी प्रवर्तकावर आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांत हा दर भारतीय स्टेट बँकेच्या सर्वोच्च ऋणदराहून २ टक्क्यांनी अधिक ठेवला. खरेदीदारास प्रकल्पात राहावयाचे असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मिळण्याची सोय आहे. नारदाच्या ‘क्षया’ला आधुनिक कायद्यात इतके जवळचे दुसरे काही मला आढळले नाही. उलट २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘उत्पादन विक्रेता’ या नव्या संज्ञेतून स्थावर विकणाऱ्यास वगळले, आणि अपवाद केला तो बांधलेली घरे विकणाऱ्याचा वा घरे-सदनिका बांधणाऱ्याचा. मोकळी जमीन पुन्हा उंबऱ्याबाहेर राहिली.

२०१६ च्या कायद्यातही ज्या प्रकल्पाचे क्षेत्र ५०० चौरस मीटरांहून अधिक नाही, त्याला नोंदणीची सक्ती नाही. हे क्षेत्र सुमारे पाच गुंठे भरते. गावालगतच्या पाच गुंठ्यांचे दोन-तीन तुकडे करून, कसलेही वचन न देता, ते विकणाऱ्या माणसाकडून जमीन मिळाली नाही, तर खरेदीदाराला आजही दिवाणी न्यायालयाचीच वाट धरावी लागते. हाती नुसते साठेखत असेल, तर ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून, तीन वर्षांत करारपूर्तीचा दावा. खरेदीखत नोंदलेले असेल, तर मालकीच्या आधारे ताब्याचा दावा, आणि त्याला मुदत बारा वर्षांची.