कामाची वही

या स्मरणिकेसाठी ‘शाळेचा इतिहास’ लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा आधी इमारतच डोळ्यांपुढे आली. पहिली कुडाची खोली, मग पत्र्याची, मग स्लॅबची. पण आपल्यापैकी कुणालाही शाळेची आठवण विचारली तर तो भिंतींबद्दल बोलत नाही. परसबाग, पोळ्याचे मातीचे बैल, प्रभातफेरी, शनिवारचं सारवण हेच बोलतो. म्हणून हा इतिहास मी शाळेतल्या कामाचा लिहिते आहे.

शाळेत हातानं काम करायचं, हा विचार आपल्या गुरुजींच्याही फार आधीचा. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत काय शिकवावं हे त्यांनी त्यात सांगितलं होतं. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशोब, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे. शेती आणि हिशोब या दोन गोष्टी त्यांनी एकाच यादीत घातल्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. का, ते पुढे येईलच.

पुढे २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींचं म्हणणं होतं की सात वर्षांचं मोफत शिक्षण मातृभाषेतून आणि एखाद्या उद्योगाच्या आधारानं द्यावं. त्याचा अभ्यासक्रम डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं तयार केला. झाकिर हुसेन यांचा जन्म हैदराबादचा, आणि तेव्हा आपला बीड जिल्हाही हैदराबाद संस्थानातच होता. पण आपल्याकडे मातृभाषेतून शिकणं हीच आधी मिळवायची गोष्ट होती. वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. स्वामी रामानंद तीर्थ यांनी मुख्याध्यापक म्हणून सांभाळलेल्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयासारख्या थोड्या शाळांनी मराठी मुलांसाठी दिवा तेवता ठेवला.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावची शाळा ‘झेडपीची शाळा’ झाली ती तेव्हापासून. मूलोद्योगाच्या त्या काळात माझे वडील याच शाळेत टकळीवर सूत कातायला शिकले. पेळू तुटला की गुरुजी ओरडायचे, एवढंच त्यांना आठवायचं. त्या सुताचं पुढे काय झालं, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नाही. १९६६ च्या कोठारी आयोगाच्या अहवालानंतर ‘कार्यानुभव’ हा शब्द रुळला आणि टकळी मागे पडली. आपल्या वेळी वेळापत्रकात कार्यानुभवाचे तास होते.

आता आपल्या पिढीचं सांगते. खरं म्हणजे आपल्याला काम शिकवायची गरजच नव्हती. शेण काढणं, पाणी आणणं, धाकट्याला सांभाळणं, दारं धरणं, सगळं घरीच होतं. म्हणून काही पालक म्हणायचे, “काम करायला शाळेत कशाला पाठवू? घरी काय कमी आहे?” त्यांचं चुकत नव्हतं. शाळेतलं काम घरच्यासारखंच असेल तर ते फुकटची वेठ ठरते. आणि आपल्या शाळेत काही वर्षं ते तसं होतंही. मुली वर्ग झाडायच्या, सारवायच्या, आडावरून कळशी आणायच्या. मुलं वाफे करायची आणि बाजारात भाजी विकायला जायची. भाजीचा हिशोब एका वहीत लिहिला जाई, ती ‘कामाची वही’. ती कायम मुलांकडेच. कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. घरी जे होतं तेच शाळेत आलं होतं.

१९८७-८८ पासून केंद्र सरकारची खडू-फळा योजना सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक, त्यातली शक्यतो एक शिक्षिका, आणि शैक्षणिक साहित्य, अशी ती योजना. तिच्यामुळे आपल्याकडे बाई आल्या. मी तेव्हा चौथीत होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी झाडण्याची पाळी हजेरीच्या क्रमानं लावली, मुलामुलींची एकत्र. आणि कामाची वही माझ्या हातात दिली.

किराणा दुकानातून उसनी तागडी यायची. मेथीची जुडी किती भरली, बी किती रुपयांचं होतं, किती दिवसांत उगवलं, कोणत्या वाफ्याला किती घागरी पाणी घातलं, सगळं वहीत. एकदा आमच्या वाफ्यात मेथी पिवळी पडली. बाईंनी उत्तर सांगितलं नाही. शेजारच्या वाफ्याचं आणि आमचं पान समोरासमोर ठेवायला लावलं. आम्ही दुप्पट पाणी घातलं होतं. घरी असं कुणी विचारत नाही. घरी पीक गेलं की नशिबाला बोल लावतात. काम घरी शिकलो, पण काम लिहून, मोजून तपासायचं असतं हे शाळेत शिकलो. शाळेनं आपल्याला दिलेली मोठी गोष्ट हीच, असं मला वाटतं.

ही गोष्ट आपल्या गावात किती मोलाची, ते सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की निम्मा वर्ग रिकामा व्हायचा. बैलगाड्या, ट्रक भरून टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या आणि पाडव्यानंतर परतायच्या. आपल्या वर्गातला एक मित्र दरवर्षी पाच महिने आईवडिलांबरोबर फडात असायचा. वाचनात तो मागे पडला. पण वाफ्यावर आला की तोच पुढारी. वाफ्याला उतार कसा द्यायचा, तुराट्यांचं कुंपण कसं बांधायचं, हे बाईसुद्धा त्याला विचारायच्या. वर्षभरात त्याची मान ताठ व्हायची ती एवढ्याच तासाला. सातवीच्या आधीच त्याची शाळा सुटली.

दोन वर्षांपूर्वी तो बाजारात भेटला. पुढे तोही कोयता झाला, म्हणजे नवराबायकोची जोडी. खिशातून त्यानं एक घडी पडलेली वही काढली. प्रत्येक गाडीच्या वजनाची पावती, तारीख, टन, घेतलेली उचल आणि फिटलेली उचल, सगळं त्यात. म्हणाला, “मुकादमाच्या आकड्यात अन् माझ्यात एका हंगामाला फरक निघाला. वही काढली तर त्याला मानावं लागलं. मेथीची वही आठवते का?” मला बोलता आलं नाही. शाळेनं त्याला अर्ध्यावर सोडलं, ही आपली उणीव आहेच. पण फुल्यांनी मागितलेला हिशोब त्याच्यापर्यंत पोचला होता.

त्यानंतर बरंच बदललं. १९९५ पासून शाळेत पोषण आहाराचा तांदूळ आला, पुढे शिजवलेली खिचडी. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि पालकांची व्यवस्थापन समिती आली. आईवडील ऊसतोडीला गेले तरी मुलं गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं सुरू झाली. ती वेळेवर सुरू झाली की पट टिकतो, उशीर झाला की मुलं ट्रकमध्ये बसलेली असतात. परसबाग आजही आहे. त्यातली पालेभाजी खिचडीत पडते. बालआनंद बाजार भरतो, भेळ विकून मुलं नफा-तोटा शिकतात. मागच्या महिन्यात मी गेले, तेव्हा वाफ्याजवळ हिशोबाची वही मात्र दिसली नाही. फोटो काढून वर पाठवले जातात, वजन होत नाही.

मेळाव्याच्या वर्गणीतून शाळेला कमान बांधायचं घाटत आहे. कमानीला माझा विरोध नाही. पण माझं एक मागणं आहे. आधी एक चांगला वजनकाटा, पाण्याची टाकी, दहा खुरपी आणि वर्षाच्या वह्या द्याव्यात. दिवाळीनंतर गावात राहिलेल्या मुलांसोबत दर शनिवारी आपल्यापैकी एकानं वाफ्यावर जावं. पाळी हजेरीच्या क्रमानं लावू, बाईंनी लावली तशी.

पहिला शनिवार माझा.