अळीचा जबडा आणि गोल कानस

3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. पुढच्या आठवड्यात आमच्या नात्यातल्या एका वाडीत आडवा पडलेला आंबा कापायचं काम चाललं होतं. चेनसॉ चालवणारा तरुण यंत्रावर अंगाचा सगळा भार टाकून उभा होता. इंजिन किंचाळत होतं आणि पट्टीखालून बारीक भुसा उडत होता. पडवीत बसलेले एक म्हातारे सुतार उठून आले. चिमूटभर भुसा तळहातावर घेऊन म्हणाले, "अरे बाळा, हे तर पीठ पडतंय. ढलपी कुठाय? बंद कर ते, आधी कानस मार." यंत्राच्या पेटीत कानस नव्हती.

आजोबांनी जन्मात चेनसॉ हाती धरला नव्हता, तरी निदान अचूक होतं. धारेचं हत्यार लाकूड तासतं, बोथट हत्यार नुसतं घासतं. पण खऱ्या करवतीखाली तर भुसाच पडतो. मग चेनसॉकडून ढलपीची अपेक्षा का धरायची? या प्रश्नाचं उत्तर त्या साखळीच्या कुळात आहे, आणि तिला धार लावायला कोणती कानस घ्यायची याचंही उत्तर तिथेच आहे.

साखळीला दाते बसवण्याची कल्पना जंगलातली नव्हे, शस्त्रक्रियेच्या खोलीतली. 18व्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या डॉक्टरांनी हाड कापायला घड्याळातल्या साखळीसारखी नाजूक, दातेरी साखळी वापरली. दोन टोकांना दोन मुठी असत आणि ती हातानेच ओढायची. अडलेल्या बाळंतपणात जघनास्थींमधला सांधा मोकळा करायलाही तिचा उपयोग सांगितला गेला. पुढे 1830च्या सुमारास जर्मनीतल्या बर्नहार्ड हाइनेने पट्टीभोवती फिरणारी आणि दांड्याने चालवायची हाडकापी साखळी बनवली. लाकडापर्यंत यायला या कल्पनेला बराच काळ लागला. आंद्रेआस श्टील यांची विजेवर चालणारी साखळी-करवत 1926ची, पेट्रोलवरची 1929ची.

इंजिन नवं आलं, दाते मात्र जुनेच राहिले. ते आले होते दोघांनी दोन बाजूंनी ओढायच्या लांब करवतीवरून. त्या करवतीत दात्यांच्या दोन जाती असत. टोकदार दाते कापाच्या दोन्ही कडांना लाकडाचे तंतू चिरत जायचे, आणि त्यांच्यामधला किंचित ठेंगणा दाता मधला भाग खरवडून बाहेर काढायचा. या खरवडणाऱ्या दात्याला इंग्रजीत 'रेकर' म्हणतात. नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. टोकदार दात्यांची उंची सारखी हवी, रेकर त्यांच्यापेक्षा नेमका तेवढाच खाली हवा आणि दाते आळीपाळीने डावी-उजवीकडे फाकवलेले हवेत. अमेरिकेच्या वायव्येकडच्या लाकूडतोडीच्या तळांवर एवढ्या एका कामासाठी खास कारागीर ठेवलेले असत. करवत ही शेवटी त्यांच्या हातची कमाई होती, असं मला वाटतं.

हीच रचना साखळीवर चढवल्यावर हाल सुरू झाले. हातांच्या मंद ओढीत जे दाते टिकायचे, ते इंजिनाच्या वेगात पाहता पाहता बोथट होऊ लागले. कापण्यापेक्षा घासण्यातच वेळ जायचा. ओरेगॉनमधला जो कॉक्स हा लाकूडतोड्या या जाचाला कंटाळला होता. 1946च्या शरदात सरपण फोडताना त्याची नजर एका बुंध्यावर खिळली. माणसाच्या तर्जनीएवढी भुंग्याची अळी धडधाकट लाकूड आरामात पोखरत चालली होती. तंतूंच्या दिशेने जावं की आडवं, याचा तिला काही फरक पडत नव्हता. कॉक्सने तिचा जबडा निरखला. त्यात टोकदार सुळे नव्हते. इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळलेली दोन पाती होती, एक डावं, एक उजवं. त्याने पोर्टलंडमधल्या आपल्या घराच्या तळघरात ते पोलादात उतरवलं, आणि नोव्हेंबर 1947मध्ये त्याची 'चिपर' साखळी विक्रीला आली. आज जगभर फिरणाऱ्या बहुतेक साखळ्या तिच्याच वंशातल्या आहेत. त्यांच्यावर अजूनही एक दाता डावा, एक उजवा असतो.

अळीची एक गोष्ट मात्र कॉक्सला उचलता आली नाही. अळी कात टाकते तेव्हा तिला जबडाही नवा मिळतो. साखळीला कात नाही, म्हणून तिला कानस लागते. तीही गोल, कारण वळलेल्या पात्याच्या पोटात चपटी कानस शिरणारच नाही. पूर्ण चौकोनी कोपऱ्याचा दाता ठेवणारेही आहेत. तो वेगाने कापतो, पण त्याची कानस वेगळी आणि तिला हातही फार सरावलेला लागतो. वाडीतल्या कामाला गोल कानसच बरी.

गोल म्हणजे कितीही जाडीची नव्हे. साखळीवरचे लागोपाठचे तीन रिव्हेट घ्या, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर मोजा, त्याचं निम्मं म्हणजे साखळीची पिच. लहान यंत्रांवरच्या 3/8 इंची लो प्रोफाइल साखळीला 4 मिमीची कानस लागते, 0.325 इंचीला 4.8ची, आणि मोठ्या 3/8 इंचीला बनावटीनुसार 5.2 किंवा 5.5ची. बारीक कानशीने दाता आकड्यासारखा पोखरला जातो. तो सुरुवातीला अधाशीपणे कापतो आणि लगेच बसतो. जाड कानशीने धार मागे कलते आणि लाकडात शिरतच नाही. कानस दात्यात बसवल्यावर तिच्या व्यासाचा साधारण पाचवा हिस्सा दात्याच्या माथ्याच्या वर दिसायला हवा. हे नुसत्या नजरेने साधणं कठीण, म्हणून मार्गदर्शक पट्टी जोडलेली कानस घ्यावी. तिच्यावर बहुधा 30 अंशांची रेघही आखलेली असते. दात्याच्या बाहेरच्या अंगाला क्रोमचा कठीण मुलामा असतो आणि आतलं पोलाद कानशीला दाद देतं. म्हणून कानस आतून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलायची.

विजेवरचं सहाणेचं चाक सोयीचं खरं. दगड लागून अर्धे दाते गेले असतील तर तेच बरं. पण चाक जरा जास्त टेकलं की पोलाद निळं पडतं आणि पाणी उतरतं. रोजच्या धारेला मी हातच्या कानशीच्याच बाजूने आहे.

आता रेकर. चिपर साखळीत प्रत्येक पात्यापुढे एक ठोंबा असतो. तो काहीच खरवडत नाही. पात्याने एका वेळी किती खोल चावावं एवढंच तो ठरवतो, तरी कामगार त्याला आजही जुन्या करवतीच्या त्या दात्याच्याच नावाने हाक मारतात. पात्याचा माथा मागे उतरता असतो. त्यामुळे घासून घासून धार मागे गेली की तिची उंचीही कमी होते आणि ठोंबा तुलनेने वर येतो. मग दाते कितीही तेज असोत, भुसाच पडतो. अशा वेळी ठोंबा उतरवावा लागतो, पण बेताने. बहुतेक साखळ्यांवर धार आणि ठोंबा यांत 0.65 मिमीच्या आसपास फरक ठेवतात. त्याहून जास्त उतरवला तर पातं लाकडात रुततं आणि यंत्र उसळून अंगावर येऊ शकतं. या कामाला कानस चपटी लागते, आणि जोडीला मापाची छोटी पट्टी. दुकानात लोक गोल कानस मागतात आणि नेमकी ही जोडी विसरतात.

त्या दिवशी शेजारच्या गावातून डबी आली तेव्हा ऊन कलत आलं होतं. डबीत गोल कानस होती, मापाची पट्टी होती, चपटी मात्र नव्हती. तरुणाने एकेका दात्याला मोजून सारखे हात दिले. आजोबा वाकून बघत होते. पात्यापुढच्या ठोंब्यावर अंगठा ठेवून त्यांनी विचारलं, "हा कशाला?" सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे हा रंध्याचा तळ, आणि हे त्यातून डोकावणारं पातं." मग ते घरात गेले आणि आपल्या हत्यारांच्या पेटीतली चपटी कानस घेऊन आले.