नारायणगडावरची आषाढी आणि १ जानेवारी २००५

आजचा धागा एका छायाचित्रापासून सुरू करते. स्थळ बीड जिल्ह्यातील श्रीक्षेत्र नारायणगड. दर्शनाची रांग, काही खांद्यांवर पताका, मागे वाळलेला डोंगरउतार आणि आजोबांच्या खांद्यावर बसलेली माझी धाकटी बहीण. उजव्या कोपऱ्यात नारिंगी अंकांत तारीख उमटली आहे : ०१/०१/२००५.

ही तारीख खोटी आहे. नारायणगडाला आपल्याकडे ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. पंढरपूर गाठणे ज्यांना जमत नाही, ते आषाढीला नगद नारायण महाराजांच्या या गडावर येतात. चित्रातली गर्दी आषाढी एकादशीची, हे घरात सर्वांना आठवते. शिवाय बहिणीचा जन्म मार्च २००८ मधला. जन्माच्या तीन वर्षे आधी ती आजोबांच्या खांद्यावर कशी बसली?

इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवतात की साधनावर लिहिलेली तारीख आणि साधनाची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी असतात. बखरींच्या बाबतीत ते पटकन पटते. यंत्राने छापलेल्या तारखेवर मात्र आपण डोळे झाकून विश्वास ठेवतो. हे यंत्र खोटे का बोलले, ते शोधताना मला एका विस्मृत काळाचा इतिहास सापडला : आपल्या गावांत लोकांनी छोटे डिजिटल कॅमेरे विकत घेतले, तो काळ. मात्र तो समजण्यासाठी आधी आपल्या भागात कॅमेरा कोणाच्या हाती होता, ते पाहावे लागेल.

मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पिढीतले नामांकित छायाचित्रकार. पण बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आणि इकडे कॅमेरा आला तो दरबाराच्या हातात हात घालून. निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी राजवाडे, शिकारी आणि मेजवान्या टिपल्या. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात औरंगाबादला काढलेले त्यांचे एक छायाचित्र आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. हाडांचे सापळे झालेली माणसे कॅमेऱ्यासमोर बसवलेली आहेत. शीर्षकाचा अर्थ ‘कृशतेचे प्रकार’ असा होतो. माणसांची नावे त्यात नाहीत.

मराठवाड्यातील सामान्य माणूस छायाचित्रात पहिल्यांदा आला तो बहुधा असाच, नमुना म्हणून. स्वतःच्या इच्छेने येण्यास त्याला फार काळ लागला. पुढे शहरांत स्टुडिओ आले, बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री काही घरांत आला. त्याच्या एका रोलमध्ये अवघी १२ चित्रे बसत. पुढच्या ३५ मिमी रोलमध्ये ३६. रोल, धुलाई आणि प्रत्येक प्रतीचे पैसे वेगळे, त्यामुळे बटण दाबण्याआधी हिशेब होई. माझ्या आजीचे आयुष्यातले पहिले स्वतंत्र छायाचित्र निवडणूक ओळखपत्रावरचे. ती ओळखपत्रे १९९३ मध्ये सुरू झाली, आणि आजी तेव्हा पन्नाशीच्या पुढे होती.

डिजिटल कॅमेऱ्याने नेमका हा हिशेब मोडला. कोडॅकमधील अभियंता स्टीव्हन सॅसन याने १९७५ मध्ये केलेला पहिला नमुना साडेतीन किलोंहून जड होता आणि एक चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद घेई. १९९५ मध्ये कॅसिओच्या क्यूव्ही-१० या कॅमेऱ्याने पाठीमागे पडदा दिला आणि काढलेले चित्र तिथल्या तिथे पाहता येऊ लागले. पुढच्या दहा-बारा वर्षांत हे यंत्र खिशात मावू लागले आणि निमशहरी दुकानांच्या काचेच्या कपाटात दिसू लागले.

२००७ च्या दिवाळीत, कापसाचे पैसे हाती आल्यावर, काकांनी बीडच्या एका दुकानातून असा कॅमेरा आणला. किंमत ८ हजारांच्या आसपास. दुकानदाराने सांगितलेला गुण एकच : सात मेगापिक्सल. शेजारच्यांचा पाचचा होता, म्हणून आपला भारी! आज हिशेब केला तर गंमत वाटते. आपण ज्या ४ × ६ इंची प्रती काढत होतो, त्यांना दोन मेगापिक्सल पुरेसे असतात. आणि सगळे पिक्सल बसवायचे ते जेमतेम ६ मिमी रुंदीच्या, करंगळीच्या नखापेक्षाही लहान संवेदकावर. एवढ्याशा जागेत दाटी वाढली की मंद प्रकाशात चित्रावर रवाळ ठिपके येतात. गाभाऱ्यातली आमची सगळी चित्रे तशीच आहेत.

खरी परीक्षा मात्र विजेची होती. ते दिवस लोडशेडिंगचे. चार्ज होणाऱ्या बॅटरीचा कॅमेरा घेतला तर ऐन कार्याच्या दिवशी वीज नसे, म्हणून खेड्यातले बरेच गिऱ्हाईक पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा मागे. त्यातही मेख होती. भिंतीवरच्या घड्याळात वर्षभर चालणारा साधा सेल या कॅमेऱ्यात थोड्याच चित्रांत मान टाकी, कारण फ्लॅश आणि पडदा एकदम मोठा प्रवाह ओढतात. अल्कलाइन सेल महाग. मग घरोघरी एक युक्ती रूढ झाली : काम झाले की सेल काढून ठेवायचे आणि गरज पडली तर रेडिओत घालायचे.

आणि इथेच आपल्या कोड्याचे उत्तर आहे. कॅमेऱ्याच्या आतले घड्याळ एका छोट्या राखीव साठ्यावर चालते. मुख्य सेल काही दिवस बाहेर राहिले की तो साठा संपतो आणि घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर परत जाते. पुन्हा सेल घातले की पडदा तारीख विचारतो. घाईत असलेला माणूस ‘ओके’ दाबून मोकळा होतो. चित्रावर १ जानेवारी उमटते आणि फाइलच्या आतही तीच नोंद बसते. आमच्या घरात बारसे, पोळा आणि आषाढी, तिन्ही १ जानेवारी २००५ ला झाले आहेत.

मग खरी तारीख कशी काढायची? फाइलचे क्रमांक कामी आले. काकांच्या कॅमेऱ्यात तारीख मागे गेली तरी चित्रांचा अनुक्रम पुढे चालूच राहिला होता, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे ठरवता येते. शिवजन्माच्या तारखेचा वाद आठवा : १६२७ की १६३०? जेधे शकावली प्रसिद्ध झाल्यावर त्या वादाचे पारडे फिरले, कारण तिथे घटना क्रमाने नोंदलेल्या होत्या. (तुलना फार मोठी झाली, जाणकारांनी क्षमा करावी.) बहीण २००८ च्या आषाढीला चार महिन्यांची, २०१० ला सव्वादोन वर्षांची. चित्रातले मूल मान धरून बसते आहे, पण पायात चप्पल नाही आणि आई म्हणते की तेव्हा ती नुकती पाऊल टाकू लागली होती. म्हणजे २००९. मागचा कोरडा डोंगरही तेच सांगतो, कारण त्या वर्षीचा जून देशभर विलक्षण कोरडा गेला होता. २००९ ची आषाढी एकादशी ३ जुलैला होती.

तारीख मिळाली, पण क्रमांकांनी आणखी एक गोष्ट उघड केली. त्या दिवशीची चित्रे ०३९८ पासून ०४२६ पर्यंत जातात. म्हणजे २९ हवीत, आहेत २२. कार्ड लहान होते, भरले की जागा करण्यासाठी तिथेच उभे राहून चित्रे पुसली जात. काकांना विचारले. त्यांना दोन आठवली. एक हललेले होते. दुसरे, ०४१५ च्या जवळचे, आजीचे होते. तिचे डोळे मिटले होते म्हणून काढून टाकले, दुसरे काढू म्हणाले, आणि तेवढ्यात सेल संपले. आजी २०११ मध्ये गेली. गडावरचे तिचे एकही चित्र आमच्याकडे नाही.

रोलच्या काळात डोळे मिटलेले चित्रही धुऊन हाती येई, कारण त्याचे पैसे भरलेले असत. ते अल्बमच्या मागच्या पानात का होईना, राहून जाई. डिजिटल कॅमेऱ्याने पुष्कळ काढण्याची मोकळीक दिली आणि त्याच बोटाला पुसण्याचीही. जे उरले तेही निसटले : कोणाचे कार्ड नेट कॅफेतल्या व्हायरसने खाल्ले, कोणाची स्टुडिओतून लिहून आणलेली सीडी आता वाचली जात नाही, कोणाच्या कॅमेऱ्याला लागणारे कार्डच बाजारातून नाहीसे झाले. एसडी, मेमरी स्टिक, एक्सडी असे अनेक प्रकार तेव्हा होते, आणि घेताना कोणी ते पाहत नसे. मला तर १८९९ च्या दुष्काळाचे चित्र एका क्लिकवर दिसते, २००९ ची शेजाऱ्यांची आषाढी दिसत नाही.

हा काळ फार टिकलाही नाही. जपानी उत्पादक संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२० मध्ये ९० लाखही नाहीत. मधल्या काळात मोबाइल आला. त्याचे घड्याळ नेटवर्कवरून चालते, त्यामुळे १ जानेवारीचा घोळही संपला.

आता तुमच्यापैकी काही जण हेच कॅमेरे जुन्या बाजारात शोधत आहात, हे ठाऊक आहे. घेताना तीन गोष्टी पाहा. कार्ड कोणते लागते. सेल काढून पुन्हा घातल्यावर तारीख टिकते का. आणि २००५ च्या आधीचा असेल तर पडद्यावर जांभळट रेघा किंवा काळोख दिसतो का. त्या काळच्या अनेक सीसीडी संवेदकांत उष्ण, दमट हवेत जोडण्या सुटत, आणि ऑक्टोबर २००५ च्या सुमारास बऱ्याच कंपन्यांनी मोफत दुरुस्ती जाहीर केली होती. जुन्या कॅमेऱ्यात कधी कोणाचे तरी कार्ड तसेच राहिलेले असते. ते पुसण्याआधी विकणाऱ्याला विचारा, परत हवे आहे का.

आणि घरच्या कपाटात असा कॅमेरा असेल, तर कार्डावरची चित्रे आधी उतरवून घ्या. काही पुसू नका, फाइलचे मूळ क्रमांक बदलू नका. मग घरातल्या थोरांना शेजारी बसवून खरी तारीख विचारा. आमच्या २२ चित्रांच्या प्रती मी गेल्या महिन्यात काढून घेतल्या. पुढचा नारिंगी आकडा तसाच राहू दिला आणि मागे पेन्सिलीने लिहिले : नारायणगड, आषाढ शुद्ध ११, शके १९३१. काकांनी ते वाचून पाहिले आणि खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली : ‘आई सोबत होती.’