वृक्षांचे वैद्य

घरातले मूल आजारी पडले की रडते. गोठ्यातली गाय वैरणीला तोंड लावीत नाही, आणि घरधन्याला काय ते उमगते. अंगणातले झाड मात्र रडत नाही. आतून ते वर्षानुवर्षे पोखरले जात असते आणि बाहेरून दर चैत्रात पालवत असते. मग एखाद्या आषाढात वाऱ्याच्या एका झोतासरशी ते उन्मळून पडते, आणि आपण म्हणतो, 'काल तर हिरवेगार होते!' झाडाचे दुखणे वेळीच ओळखावे कसे आणि त्यासाठी जाणत्याला केव्हा बोलवावे, हा प्रश्न आजचा नाही. आपल्या देशात तो निदान दीड हजार वर्षे विचारला जात आहे.

सहाव्या शतकातील ज्योतिषी वराहमिहिर याच्या 'बृहत्संहिता' या ग्रंथात 'वृक्षायुर्वेद' नावाचा एक लहानसा अध्याय आहे. थंडी, वारा आणि ऊन यांनी झाडे रोगी होतात, असे सांगून त्याने रोगाची चार लक्षणे दिली आहेत. पाने पांढुरकी पडतात, कोवळे अंकुर वाढत नाहीत, फांद्या वाळतात आणि अंगातून रस पाझरू लागतो. उपचार सांगताना त्याने प्रथम शस्त्राने रोगट भाग साफ करावयास सांगितले आहे. वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप आणि दूधपाण्याचे सिंचन ही त्यानंतरची. पुढे सुमारे इसवी सन १००० च्या आसपास सुरपाल नावाच्या पंडिताने या विषयावर स्वतंत्र ग्रंथच रचला. माणसाप्रमाणेच झाडालाही वात, पित्त व कफ यांची दुखणी आतून जडतात, आणि कीड, थंडी यांची बाहेरून, अशी त्याने वाटणी केली. या ग्रंथाची हस्तलिखित पोथी ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात पडून होती. ती १९९६ साली सिकंदराबादेहून इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध झाली. या ग्रंथांतील सर्वच औषधे आज कसोटीला उतरतील असे नाही. परंतु झाड हा रोगी आहे, त्याची लक्षणे वाचता येतात आणि ती वाचणारा जाणता लागतो, एवढे त्यांनी निःसंशय ओळखले होते.

महाराष्ट्रात हाच प्रश्न राज्यकारभारात उभा राहिला. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी एक प्रकरण आहे. आंबा व फणस यांचे लाकूड आरमाराच्या उपयोगाचे खरे. पण रयतेने ती झाडे लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये, असा त्यात दंडक आहे. सूट एकच. झाड अगदी जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन ते तोडावे. येथे सारा भार 'जीर्ण' या एका शब्दावर आहे. झाड जीर्ण झाले हे ठरवावयाचे कोणी? लाकूड हवे असलेल्या अधिकाऱ्याने, की झाडावर माया असलेल्या धन्याने? एकाला ते लवकर जीर्ण दिसेल, दुसऱ्याला कधीच दिसणार नाही. निर्णय न्याय्य व्हावयाचा, तर झाडाची पारख असलेला तिसरा माणूस मध्ये हवा.

पारख करूनही वेळेवर हात चालला नाही तर काय होते, हे बोधगयेला दिसले. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८६२ साली तेथील बोधिवृक्ष पाहिला, तेव्हाच तो बराच किडलेला होता. पश्चिमेच्या काही फांद्या हिरव्या होत्या. बाकीच्यांची साल जाऊन त्या कुजल्या होत्या. १८७१ मध्ये त्यांना तो अधिकच खचलेला आढळला, आणि १८७६ च्या एका वादळात उरलेला भागही कोसळला. लक्षणे चौदा वर्षे डोळ्यांसमोर होती! पुढे त्याच वंशातील रोप तेथे वाढले. अलीकडच्या काळात देहरादूनच्या वन संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ त्या पिंपळाची तपासणी करीत आले आहेत.

याच्या उलट कथा कलकत्त्याजवळच्या शिवपूर येथील उद्यानातल्या महावटाची. हे उद्यान १७८७ मध्ये स्थापन झाले. वड त्याहूनही जुना. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत त्याच्या मोठ्या फांद्या मोडल्या आणि त्या जखमांतून बुरशी आत शिरली. अखेर १९२५ साली त्याचा मूळ बुंधाच काढून टाकण्यात आला. किती कठोर निर्णय हा! पण तो घेणाऱ्यांनी वडाचा स्वभाव ओळखला होता. त्याच्या पारंब्या केव्हाच खांब झाल्या होत्या. आज मूळ खोडावाचून तो वड तीन हजारांहून अधिक पारंब्यांवर उभा आहे. २०२० च्या अम्फान वादळाने त्याची हानी केली, तरी तो तगला.

हाच उपचार आंब्यावर केला असता, तर आंबा मेला असता! वैद्यकी ती येथेच. अमेरिकेत जॉन डेव्ही यांनी १९०१ मध्ये वृक्षवैद्यकावर पुस्तक लिहिले, आणि त्यानंतर ढोली खरवडून त्यांत सिमेंट भरण्याची पद्धत तेथे रूढ झाली. पुढे त्याच देशातील ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी चिरून पाहिली आणि १९७७ च्या सुमारास दाखवून दिले, की झाड आपली जखम माणसासारखी भरून काढीत नाही. ते कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत उभारते. खरवडणाऱ्याचे हत्यार नेमकी तीच भिंत फोडते. ज्याला आपण उपचार समजत होतो, तोच अपाय होता.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या दारच्या झाडाकडे वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, डोळसपणे पाहावे. शेंडा वाळू लागला आहे काय? बुंध्याशी कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या आहेत काय? आंब्याच्या खोडातून भुसा गळतो आहे काय? उभी भेग पडली आहे, की झाड नव्यानेच कलून मागच्या बाजूची माती उचलली गेली आहे? यांपैकी काही आढळले, तर कुऱ्हाड आणि सिमेंट दोन्ही दूर ठेवावीत आणि कृषी विद्यापीठातील अगर उद्यान विभागातील जाणत्याला बोलवावे. झाड कललेले असेल, तर त्याच्याखाली मुलांना खेळू देऊ नये. महाराष्ट्रातील शहरांत १९७५ च्या कायद्याने झाड तोडण्यापूर्वी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आवश्यक केली. आज्ञापत्रातील तो तिसरा माणूस अडीचशे वर्षांनी असा कायद्यात आला. पण प्राधिकरण आपल्या अंगणात आपण होऊन येत नाही. पहिली हाक धन्यानेच घालावी लागते. आणि ती झाड हिरवे असतानाच घातलेली बरी.