टेन्शन

वाशीला लोकलमध्ये शिरलं की हा शब्द कानावर पडतोच. मूळ लॅटिन ‘तेन्देरे’, म्हणजे ताणणे. संस्कृत ‘तन्’ धातू त्याचा भाऊबंद. तंतू, तान, ताण ही त्याचीच पिलावळ. म्हणजे पाहुणा नात्यातलाच! इंग्रजीत तो दोरी-स्नायूंवरून मनावर आला. मराठीत मात्र भीती, राग, दुःख, लाज सगळ्यांनाच त्यानं पोटात घेतलं. भावनेला शब्दच न सापडण्याला मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफ्नेओस यांनी १९७०च्या दशकात ग्रीकमधून नाव घडवलं: अलेक्सिथायमिया. अ (नाही), लेक्सिस (शब्द), थायमॉस (भावना). आपल्याकडे एकच शब्द सगळीकडे चालतो. टेन्शन येतं, लोक देतात, आपण घेतो. ‘घेऊ नकोस रे’ म्हटलं की विषय मिटतो. नेमकं काय होतंय, हे विचारायचं राहतंच.